दावा लावायचा कुठे?

बाहेरगावच्या मालाबरोबर हुबळीच्या व्यापाऱ्याकडे जी बिले आणि बिल्ट्या येतात, त्यांच्या तळाशी बारीक अक्षरांत बहुधा एक ओळ छापलेली असते: 'सब्जेक्ट टू मुंबई ज्युरिसडिक्शन'. मुंबईच्या जागी कधी अहमदाबाद असते, कधी बेंगळुरू. माल उतरवून घेताना ती कुणी वाचत नाही. पैसे अडकले की वकील सगळ्यांत आधी तीच वाचतो. हुबळी-धारवाडमध्ये व्यापारी दावे लढवणाऱ्या वकिलांची वाटचाल पाहताना मला वारंवार जाणवते, की दावा कोणत्या गावी चालणार या प्रश्नाने त्यांच्या पेशाला जेवढे वळण लावले, तेवढे दुसऱ्या कशाने क्वचितच लावले असेल.

१९५६ पर्यंत या प्रश्नाचे शेवटचे उत्तर मुंबई हेच होते. धारवाड जिल्हा आधी मुंबई इलाख्यात, नंतर मुंबई राज्यात होता आणि अपिले मुंबई उच्च न्यायालयात जात. कायदा शिकायलाही मुलगा तिकडेच जाई. आलूर वेंकटराव पुण्यात आणि मुंबईत शिकून धारवाडला वकिली करायला आले. पुढे भारताचे सरन्यायाधीश झालेले प्र. बा. गजेंद्रगडकर मूळचे याच मुलखातल्या गजेंद्रगडच्या घराण्यातले. जन्म साताऱ्याचा, पण कॉलेजची पहिली वर्षे त्यांनी धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात काढली. कापसाचा सौदा मोडला तर दाखले मुंबईच्या बाजाराचे निघत. पक्क्या अडतीची रूढी मुंबई उच्च न्यायालयाने १९०५ च्या एका निकालात तपासली. कच्चा अडत्या दोन टोके जुळवून देतो, पक्का अडत्या सौद्याची जबाबदारी स्वतःच्या अंगावर घेतो. अडतीचा वाद हाती आला की आजही वकिलाला पहिल्यांदा हाच फरक पाहावा लागतो.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्य बदलले आणि अपिलांची वाट बेंगळुरूकडे वळली. चारशेहून अधिक किलोमीटर! खालच्या कोर्टात साक्षीदार तपासणारा, एकेक चलन ओळखीचे असलेला वकील अपिलाच्या वेळी कागदांचा गठ्ठा बांधून दुसऱ्याच्या हाती देई. गुणी माणसांची कारकीर्द अशी अर्ध्यावर थांबे आणि पक्षकाराला दोन फिया भराव्या लागत. खंडपीठासाठी इथल्या वकिलांनी अनेक वर्षे आंदोलन केले. जुलै २००८ मध्ये धारवाडला फिरते पीठ आले आणि ऑगस्ट २०१३ पासून ते कायम झाले. महामार्गालगतच्या बेलूर औद्योगिक वसाहतीजवळच्या त्या इमारतीत बेळगाव, कारवार, बागलकोट, गदग, हावेरी, कोप्पळ आणि बळ्ळारीचीही प्रकरणे येतात. बेळगावच्या मराठी व्यापाऱ्याचे अपीलही आता इथेच चालते. माझ्या मते इथल्या वकिलीत गेल्या पन्नास वर्षांत झालेला हा सर्वांत मोठा बदल आहे.

तळाच्या त्या ओळीकडे परत येऊ. १९५९ मध्ये अहमदाबादच्या व्यापाऱ्याने खामगावच्या गिरणीशी सरकीच्या पेंडीचा सौदा टेलिफोनवर केला. होकार बोलला गेला खामगावात, ऐकला गेला अहमदाबादेत. सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये बहुमताने ठरवले, की होकार जिथे ऐकला गेला तिथे करार झाला. न्या. हिदायतुल्ला यांनी वेगळे मत नोंदवले. पत्राने झालेल्या कराराचा नियम फोनला लागू नाही, हे त्या निकालाने पक्के झाले. बाहेरगावाशी फोनवर सौदे करणाऱ्या हुबळीसारख्या पेठेला याचे मोल वेगळे सांगायला नको.

वाहतूकदारांबाबतचा १९९१ चा निकालही असाच कामाचा. तमिळनाडूतल्या बोडिनायकनूरहून दिल्लीला पाठवलेली वेलची तिथल्या गोदामाच्या आगीत खराब झाली. वाहतूकदार पटेल रोडवेजने पावतीवरच्या मुंबईच्या अटीवर बोट ठेवले. न्यायालयाने ते मानले नाही. जिथे कंपनीची शाखा आहे आणि वादाचे कारणही तिथेच घडले आहे, तिथे केवळ मुख्य कचेरी मुंबईत आहे म्हणून दावा मुंबईला ओढता येत नाही. ब्याडगीची मिरची बाहेर पाठवणाऱ्याला हा निकाल केवढा आधार देतो!

२०१५ च्या व्यापारी न्यायालय कायद्याने कामाची चाल बदलली. सुरुवातीची एक कोटीची मर्यादा २०१८ मध्ये तीन लाखांवर आली आणि जिल्ह्याच्या गावांतले साधे येणेबाकीचे तंटेही या चौकटीत शिरले. कैफियत १२० दिवसांत आली नाही तर ती देण्याचा हक्कच जातो. तातडीचा मनाईहुकूम नको असेल तर दाव्याआधी मध्यस्थी करावीच लागते, हे २०२२ मध्ये पाटील ऑटोमेशन प्रकरणात ठरले. तारखांवर तारखा घेण्याची सवय असलेल्यांची इथे पंचाईत होते, आणि ती व्हायलाच हवी.

पुरावाही बदलला. नुसत्या खतावणीतल्या नोंदीवर कुणाच्या अंगावर देणे लादता येत नाही, हे तत्त्व १८७२ च्या कायद्यापासून आहे. आता भाव व्हॉट्सअ‍ॅपवर ठरतो. त्याची प्रत दाखल करायची तर प्रमाणपत्र जोडावे लागते, हे २०२० मध्ये जालन्याच्या निवडणुकीवरून झालेल्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात पक्के झाले. हुशार ज्युनिअर आज पक्षकाराला पहिल्या भेटीतच फोन न बदलण्याची ताकीद देतो.

काही कामे मात्र अजून बेंगळुरूलाच जातात. दिवाळखोरीच्या कायद्याखालचे कंपनी न्यायाधिकरण तिथे आहे आणि मार्च २०२० पासून एक कोटीखालच्या थकबाकीसाठी त्याचे दार बंद आहे. हुबळीच्या गोकुळ रोडवर सुटे भाग बनवणाऱ्या कारखानदाराचे चाळीस लाख अडकले तर त्याने काय करायचे? अशा लघुउद्योजकासाठी २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यातला रस्ता मला सर्वांत मोलाचा वाटतो. ठरलेल्या मुदतीत, आणि जास्तीत जास्त ४५ दिवसांत, पैसे मिळाले नाहीत तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. खरेदीदार देशात कुठेही असो, पुरवठादाराच्या भागातल्या, याच कायद्याखालच्या परिषदेपुढे प्रकरण चालते. ऑर्डरवर लवादाचे कलम छापलेले असले तरी ही वाट बंद होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले. त्या निकालाने अट एवढीच घातली, की उद्योगाची नोंदणी करार होण्याआधी झालेली हवी. म्हणून इथले जाणते वकील पहिली ऑर्डर घेण्याआधीच कारखानदाराला नोंदणी करायला पाठवतात.