कॅसेटवरचा दूधहिशोब

संपादकांनी दिवाळी अंकासाठी विषय दिला होता, ‘जुने संगणक जमवणारी माणसं’. मी चार फोन केले. त्यातल्या चौथ्या फोनने मला पुण्यात नारायण पेठेतल्या एका वाड्याच्या मागच्या जिन्यावर आणून सोडलं. वर राहणाऱ्या गृहस्थांनी तीस वर्षं टीव्ही आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त केले. आता दुकान बंद आहे, पण टेबल चालू आहे. नाव छापू नये अशी त्यांची अट आहे. आळीत सगळे त्यांना काका म्हणतात, मीही तेच म्हणतो.

यंत्रं खाटेखाली आहेत, जुन्या चादरींत गुंडाळून खोक्यांत ठेवलेली. एक बीबीसी मायक्रो, दोन कमोडोर ६४ आणि सात स्पेक्ट्रम. मी सगळ्यांबद्दल लिहायला गेलो होतो. तीन खेपा झाल्यावर वही उघडून पाहिली, तर तिच्यात फक्त स्पेक्ट्रम होता.

झेडएक्स स्पेक्ट्रम २३ एप्रिल १९८२ रोजी इंग्लंडमध्ये बाजारात आला. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने तो काढला, टाइमेक्सच्या डंडीच्या कारखान्यात तो बनला. १६ किलोबाइट स्मृतीचा १२५ पौंडांना, ४८ किलोबाइटचा १७५ पौंडांना. पडदा म्हणून घरचा टीव्ही आणि साठवणीला घरचाच टेपरेकॉर्डर. जगभर पन्नास लाखांहून जास्त खपला. आपल्याकडे तो दोन वाटांनी आला. एक वाट नातेवाइकांच्या परदेशातून येणाऱ्या बॅगांची. दुसरी पुण्याचीच, कारण ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात डेसिबेल्स नावाच्या इथल्या कंपनीने परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम’ विकला. काकांच्या सातांपैकी चार डीबी आहेत. सगळे बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात, जमिनीवर अंथरलेल्या ताडपत्रीवर सापडलेले.

मी गेलो त्या दिवशी टेबलावर इंग्लंडहून आलेला, रबरी बटणांचा स्पेक्ट्रम उघडा पडला होता. टीव्हीवर मूळ कंपनीच्या नावाची एक ओळ दिसायला हवी, तिथे उभ्या पट्ट्या दिसत होत्या.

“रॅम गेलीय,” काका म्हणाले. “पण ती कशाने गेली ते आधी बघायचं.”

हे ‘कशाने’ फार महत्त्वाचं आहे. स्पेक्ट्रमच्या पहिल्या १६ किलोबाइटसाठी ४११६ जातीचे आठ आयसी लागतात आणि या आयसीला तीन वेगळे दाब हवे असतात: अधिक ५ व्होल्ट, अधिक १२ व्होल्ट आणि उणे ५ व्होल्ट. एलिमिनेटर मात्र एकच, ९ व्होल्टचा. त्यामुळे एक छोटं वेटोळं आणि टीआर-४ नावाचा ट्रान्झिस्टर मिळून अधिक १२ आणि उणे ५ हे दाब जागेवरच तयार करतात. आठांपैकी एक आयसी आतून शॉर्ट झाला की टीआर-४ त्याच्या ओझ्याने जळतो. टीआर-४ जळला की उणे ५ नाहीसा होतो, आणि उणे ५ नसताना ४११६ ला दुसरीकडून वीज मिळाली की तोही मरतो. घाईतला माणूस टीआर-४ बदलतो, बटण दाबतो आणि नवा टीआर-४ सेकंदात घालवतो. काकांनी आठही आयसींवरून बोट फिरवलं. एक इतरांपेक्षा गरम लागला. मग मल्टिमीटरने खात्री करून तो काढला, त्या जागी आयसी बेस बसवला, ट्रान्झिस्टर बदलला आणि तिन्ही दाब मोजून होईपर्यंत टीव्हीला हात लावला नाही. दीड तास गेला. माझा चहा थंड झाला आणि त्यांनी त्यांचा घेतलाच नाही.

वरच्या ३२ किलोबाइटची गोष्ट मला त्याहून आवडली. पैसे वाचवण्यासाठी सिंक्लेअरने तिथे ६४ किलोबिटचे असे आयसी घातले, ज्यांचा एक अर्धा भाग कारखान्यातच सदोष ठरला होता. चांगला अर्धा वापरायचा, वाईट अर्ध्याकडे जायचंच नाही. कुठला अर्धा चांगला ते बोर्डावरच्या एका छोट्या तारेच्या जोडणीने ठरवायचं, आणि आठही आयसींचा तोच अर्धा चांगला हवा. घरोघरी पोचलेल्या या यंत्रात भंगारात जाणारा माल इतक्या शिस्तीने कामाला लावलेला होता, हे ऐकून मी ती जोडणी भिंगाखाली बराच वेळ पाहत राहिलो. काकांना त्याचं नवल नाही. अर्धा जळलेला ट्रान्सफॉर्मर चालवून दाखवण्यात त्यांचं आयुष्य गेलंय.

साडेअकराला टीव्हीवर ती ओळ उमटली. आता कॅसेट.

ज्यांनी हा आवाज ऐकलेला नाही त्यांना तो सांगणं अवघड आहे. आधी एक लांब, सरळ शिट्टी. तेवढा वेळ पडद्याच्या काठावर लाल आणि निळसर जाड पट्टे सरकतात. मग खरखर, आणि पट्टे निळे-पिवळे आणि बारीक होतात. त्या खरखरीत सारं काही असतं. आखूड स्पंदनांची जोडी म्हणजे शून्य, दुप्पट लांब स्पंदनांची जोडी म्हणजे एक. पूर्ण ४८ किलोबाइट भरायला पाच मिनिटांच्या आसपास लागतात. तेवढा वेळ काका टेपरेकॉर्डरच्या हेडशेजारचा बारीक स्क्रू घड्याळजीच्या स्क्रूड्रायव्हरने केसभर इकडेतिकडे फिरवत, कान टवकारून बसतात. हेड फितीला काटकोनात नसेल तर शिट्टी बोदी ऐकू येते. ती धारदार झाली की हात थांबतो. हे त्यांना कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही. गिऱ्हाइकांच्या नाट्यगीतांच्या कॅसेटींनी शिकवलं.

त्यांनी लावलेली कॅसेटही नाट्यगीतांचीच होती, जुन्या बाजारातून आणलेली. दुसऱ्या बाजूला मात्र गाण्यांवर कुणीतरी शिट्टी आणि खरखर भरली होती. पडद्यावर कार्यक्रमाचं नाव आलं, रोमन लिपीत: दूधहिशोब. स्पेक्ट्रम नावाला दहाच अक्षरं देतो आणि रोमनमध्ये ती बरोबर दहा होतात. कुणीतरी मोजून बसवलेली. खरखर सुरू झाली, अर्धा मिनिट चालली आणि पडद्याच्या तळाशी संदेश आला: टेप लोडिंग एरर.

काकांनी कॅसेट लगेच बाहेर काढली. “परत लावायची नाही. दर फेरीला थोडी झिजते.”

इथून पुढे माझ्या वहीत कौतुक कमी आणि काळजी जास्त आहे.

यंत्र दुरुस्त होतं, हे मी पाहिलं. तेही किती दिवस, हा प्रश्न आहेच. ४११६ आता जुन्या साठ्यातूनच मिळतात. तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारलं तर नवी मुलं हा नंबर ओळखत नाहीत. स्पेक्ट्रमचा मेंदू म्हणजे झेड-८० प्रोसेसर. त्याचं स्वतंत्र उत्पादन झायलॉग कंपनीने १९७६ पासून चालू ठेवलं होतं. २०२४ मध्ये शेवटच्या मागण्या घेऊन तेही थांबवलं. पडदा आणि स्मृती सांभाळणारा यूएलए हा आयसी फेरांटी कंपनीने खास या यंत्रासाठी बनवला होता, आणि फेरांटी उरलेली नाही. ख्रिस स्मिथ या अभ्यासकाने त्या आयसीच्या आतली रचना उकलून २०१० मध्ये पुस्तक लिहिलं. त्यामुळे पर्यायी यूएलए बनवणं हौशी लोकांना सोपं झालं. कीबोर्डाखालच्या प्लॅस्टिकच्या पापुद्र्याच्या शेपट्या कडक होऊन तुटतात. नवे पापुद्रे परदेशात अजून बनतात. म्हणजे पैसे आणि धीर असेल तर स्पेक्ट्रम आणखी काही वर्षं जगेल. त्याचे इंग्लंडमधले खेळही जगतील, कारण तिथल्या हौशी लोकांनी ते केव्हाच उतरवून ठेवले आहेत.

आपल्याकडे लोकांनी स्वतः लिहिलेलं मात्र कुणी उतरवून ठेवलेलं नाही. ते फक्त कॅसेटींवर आहे. पुण्याच्या चार पावसाळ्यांत कपाटातल्या फितीवर बुरशीचे पांढरे ठिपके येतात, कोकणात तर त्याहून लवकर. फितीवरचा लेप एका जागी उडाला, एक स्पंदन हुकलं की पूर्ण कार्यक्रम नाकारला जातो. कारण स्पेक्ट्रम शेवटी सगळ्या बाइटांचा ताळा घेतो, आणि ताळा चुकला तर चूक कुठे आहे ते त्याला सांगता येत नाही. शिवाय हा ऐवज बाहेरून ओळखू येत नाही. घर आवरताना कॅसेट वाजवून पाहणाऱ्याला नुसती खरखर ऐकू येते, आणि तो ती खराब समजून टाकून देतो. काकांच्या अंदाजाने जुन्या बाजारातल्या ताडपत्र्यांवर दहा वर्षांपूर्वी जेवढ्या कॅसेटी दिसत, त्याच्या चौथा हिस्साही आता दिसत नाहीत.

पुढच्या खेपेला त्यांनी दूधहिशोबाचं ध्वनिमुद्रण लॅपटॉपवर लाटांच्या रूपात उघडून दाखवलं. ते त्यांनी फीत साफ करून एकदाच, सावकाश केलं होतं. एका ठिकाणी लाट बसली होती, सुईच्या टोकाएवढी. तिच्या अलीकडची आणि पलीकडची अक्षरं वाचता येत होती. रोमनमध्ये गाय, म्हैस, सकाळ, संध्याकाळ. आणि एका ओळीत ‘खाडा’. दूध न घेतलेला दिवस. कुणाच्या तरी घरी महिनाअखेरीला हा शब्द टीव्हीवर उमटला असणार. लिहिणारा कोण, ते कॅसेटवर कुठेच नाही. बसलेली लाट सांधायचं काम काका रोज रात्री तासभर करतात. अजून ताळा जमलेला नाही.

तुमच्या माळ्यावर असं काळं यंत्र असेल तर दोन गोष्टी करा. त्याला आजचा एलिमिनेटर लावू नका. स्पेक्ट्रमच्या पिनेचं मधलं टोक ऋण असतं, आजच्या बहुतेक एलिमिनेटरांचं धन, आणि उलटी वीज आत गेली की यंत्र बिघडतं. दुसरी गोष्ट अधिक तातडीची आहे. ‘खराब’ म्हणून बाजूला ठेवलेली, नुसती खरखर करणारी कॅसेट टाकू नका. तिच्या वरच्या कडेचे दोन्ही प्लॅस्टिकचे तुकडे मोडा, म्हणजे तिच्यावर चुकून काही भरलं जाणार नाही. मग चांगल्या टेपरेकॉर्डरवर ती एकदाच, पूर्ण वाजवून लॅपटॉपवर उतरवून घ्या.