बर्फातही तग धरणारा माड

माड म्हटला की कोकणचा किनारा आणि खारा वारा डोळ्यांसमोर येतो. त्यामुळे ब्रिटनमधील एखाद्या घरासमोर बर्फाने पांढरा झालेला माड दिसला, की आपल्याकडून गेलेला पाहुणा चकित होतो. हा माड अर्थातच नारळाचा नव्हे. ‘ट्रॅकीकार्पस फॉर्च्युनी’ हे त्याचे शास्त्रीय नाव. पंख्यासारखी पाने आणि खोडाभोवती काथ्यासारख्या तंतूंचे वेष्टन ही त्याची ओळख. चीनमध्ये या तंतूंपासून दोर आणि पावसाळी अंगरखे बनवले जात.

ज्याच्या नावावरून या वृक्षाचे नाव पडले, त्या रॉबर्ट फॉर्च्यून याने १८४९ मध्ये चीनमधून त्याची रोपे इंग्लंडला पाठवली. ईस्ट इंडिया कंपनीसाठी चीनमधील चहाची रोपे हिमालयातील मळ्यांसाठी आणणारा फॉर्च्यून तो हाच. या माडाचा एक भाऊबंद, ‘ट्रॅकीकार्पस ताकिल’, आपल्या कुमाऊँच्या डोंगरांत थंडी सोसत वाढतो.

चांगला रुजलेला फॉर्च्युनी माड सुमारे उणे १५ अंश सेल्सिअसपर्यंतची थंडी सोसतो. तरीही थंड प्रदेशातील बागांत ही झाडे दगावतात, आणि त्याला अनेकदा थंडीइतकाच ओलावाही कारणीभूत असतो. माडाला वाढीचा कोंब एकच असतो. नारळाचा कोंब कुजला तर झाड हातचे जाते, हे कोकणातील बागायतदार जाणतात. येथेही तोच न्याय लागू होतो. शेंड्यात साचलेले पाणी गोठते, आतील पेशी मरतात आणि मग बुरशी शिरते. वसंतात मधले कोवळे पान ओढताच हातात आले, तर कोंब कुजला असे समजावे.

म्हणून लागवड करताना पाण्याचा निचरा पाहावा. चिकण मातीत जाड वाळू किंवा खडी मिसळून उंचवट्यावर रोप लावावे. वसंताच्या अखेरीस लावलेल्या रोपाला हिवाळ्यापूर्वी मुळे धरण्यास अवधी मिळतो. जोरदार वाऱ्याने पाने फाटतात, तेव्हा भिंतीचा किंवा कुंपणाचा आडोसा हवा. कडाक्याच्या थंडीत कोवळ्या रोपाची पाने वर गोळा करून बांधावीत व भोवती हवा खेळती राहील असे कापड गुंडाळावे. प्लास्टिक टाळावे, कारण त्यात ओलावा कोंडतो. थंडी ओसरताच हे आवरण काढून टाकावे. कुंडीतील मुळे जमिनीतील मुळांपेक्षा लवकर गोठतात, हेही ध्यानात ठेवावे.

निवड करताना केवळ थंडीचा आकडा पाहून चालत नाही. अमेरिकेच्या आग्नेय भागातील ‘ऱ्हापिडोफायलम’ हा माड सुमारे उणे २० अंशांतही जगतो. परंतु त्याला कडक उन्हाळा लागतो. ब्रिटनच्या सौम्य उन्हाळ्यात त्याची वाढ रखडते. भूमध्य सागराकाठचा बुटका ‘कॅमेरॉप्स’ थंडी तुलनेने कमी सोसतो, पण त्याला बुंध्यापासून अनेक फुटवे येतात. त्यामुळे एक कोंब गेला तरी झाड वाचू शकते.

फॉर्च्युनीच्या काटकपणाला दुसरी बाजूही आहे. दक्षिण स्वित्झर्लंडच्या तिचिनो परगण्यात पक्ष्यांनी पसरवलेल्या बियांमुळे हा माड जंगलात शिरला. अखेर १ सप्टेंबर २०२४ पासून त्या देशात त्याच्या विक्रीस बंदी घालण्यात आली. जेथे जंगल जवळ आहे, तेथे मादी झाडाचे फुलोरे फळे धरण्यापूर्वीच कापणे इष्ट.