‘थम्ब्स डाउन’ म्हणजे काय? अर्थ आणि वापर

‘थम्ब्स डाउन’ म्हणजे खाली वळवलेला अंगठा. अर्थ : नापसंती किंवा नामंजुरी. ‘द कमिटी गेव्ह द प्लॅन अ थम्ब्स डाउन’ म्हणजे समितीने योजना फेटाळली. हा शब्दप्रयोग अनौपचारिक आहे. सरकारी पत्रात शोभत नाही.

भाषांतर करताना मात्र सांभाळा. ‘समीक्षकांनी सिनेमाला अंगठा दाखवला’ असं लिहिलं तर अर्थ बदलतो. मराठीत अंगठा किंवा ठेंगा दाखवणं म्हणजे मागितलेलं न देणं, आशा लावून फसवणं. इथे ‘सिनेमा नापसंत केला’ किंवा ‘सिनेमाला नाक मुरडलं’ हेच बरोबर.

ही खूण रोमन आखाड्यातली मानली जाते. जुन्या लॅटिन लेखनात ‘वळवलेला अंगठा’ आहे, पण कोणत्या दिशेला ते सांगितलेलं नाही. फ्रेंच चित्रकार जेरोम यांच्या १८७२ च्या ‘पोलिचे व्हर्सो’ या गाजलेल्या चित्रात प्रेक्षकांचे अंगठे खाली आहेत आणि तीच प्रतिमा लोकांच्या डोक्यात बसली.

यूट्यूबने नोव्हेंबर २०२१ मध्ये डिसलाइकचा आकडा प्रेक्षकांपासून लपवायला सुरुवात केली. बटण मात्र कायम आहे. तुमची नापसंती आता व्हिडिओ टाकणाऱ्यालाच दिसते.