मिरचीनं जखम बरी होत नाही, पोपटही बोलत नाही

आपल्याकडे मिरची नुसती भाजीत पडत नाही. कुत्रं चावलं की जखमेत तिखट भरतात, आणि पोपट लवकर बोलावा म्हणून पिंजऱ्याच्या तारेत हिरवी मिरची खोचतात. आपल्या एदलाबादचं नाव बदलून मुक्ताईनगर झालं, पण हे दोन्ही उपाय अजून कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकू येतातच. पहिल्यात माणसाचा जीव जाऊ शकतो, म्हणून आधी त्याबद्दल.

रेबीजचा विषाणू कुत्र्याच्या लाळेतून जखमेत शिरतो आणि चेतातंतूंवरून मेंदूकडे सरकतो. तिखट, हळद, चुना किंवा तेल त्याला अडवत नाही. चोळाचोळीत जखम चिघळते, विषाणू आणखी आत जातो आणि मुख्य म्हणजे वेळ जातो. खरा पहिला उपाय फार साधा आहे. नळाच्या वाहत्या पाण्याखाली, साबण लावून, जखम पंधरा मिनिटं धुवायची. या विषाणूचं बाहेरचं वेष्टण चरबीचं असतं आणि साबण ते फोडतो. त्यानंतर थेट सरकारी दवाखाना गाठायचा.

तिथं जायला लोक कचरतात, कारण पोटात घ्यायची चौदा इंजेक्शनं अजून त्यांच्या मनात आहेत. ती मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली जुनी लस होती. २००५ पर्यंत आपल्या देशात ती बंद झाली. आता लस दंडात देतात. सरकारी दवाखान्यात बहुधा त्वचेत टोचायची पद्धत असते, आणि तिचे दिवस ०, ३, ७ आणि २८ असे असतात. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तर जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. लस शरीरात प्रतिकारशक्ती तयार करेपर्यंतचे दिवस ते सांभाळतं. ते मिळेल का, हे स्वतःहून विचारा.

‘घरचंच पिलू हाये, त्याच्या दातानं काय होते?’ हे वाक्य फार घातक आहे. लस न दिलेलं पिल्लूही रेबीज देऊ शकतं. ‘दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवा’ हा सल्ला खरा आहे, पण लोक तो अर्धाच ऐकतात. नजर ठेवायची ती लस सुरू करून. दहा दिवसांनी कुत्रं ठणठणीत असेल, तर पुढचे डोस घ्यायचे की नाही हे डॉक्टर ठरवतात. थांबून बघू म्हणणं परवडत नाही, कारण लक्षणं एकदा दिसली की या आजारातून माणूस जवळपास वाचतच नाही.

आणखी एक समज असा, की पिसाळलेलं कुत्रं म्हणजे धावत सुटलेलं, पाण्याला घाबरणारं. पाण्याची भीती हे माणसातलं लक्षण आहे. कुत्र्यात या आजाराचं एक मुकं रूप असतं. कुत्रं गप्प होतं, कोपऱ्यात बसतं, जबडा लोंबतो, लाळ गळते, घास गिळता येत नाही. घरच्यांना वाटतं घशात हाड अडकलं, आणि मायेनं कुणीतरी त्याच्या तोंडात हात घालतं. असं करू नका. त्याला बांधून किंवा कोंडून ठेवा आणि पशुवैद्यकाला बोलवा.

आता पोपट. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही. म्हणून तर ते रानातल्या मिरच्या आरामात खातात आणि त्यांचं बी दूरवर टाकतात. मिरचीनं पोपटाची जीभ सुटत नाही. पोपट थव्यात राहणारा पक्षी आहे, सोबत्यांचे आवाज ऐकून तो तसेच आवाज काढतो. पिंजऱ्यात सोबती नसतो, मग तो आपल्यालाच थवा समजतो आणि आपली नक्कल करतो. ज्या ‘मिठ्ठू मिठ्ठू’चं आपल्याला कौतुक वाटतं, ते खरं तर एकट्या पडलेल्या पक्ष्याचं बोलणं आहे. मला तो आवाज आता ऐकवत नाही.

‘पोपट पाळायला कुठं बंदी आहे, घरोघरी असतो’ हा तर सर्वांत पसरलेला गैरसमज. गळ्यावर गुलाबी-काळी रेघ असलेला आपला पोपट आणि पंखांवर लाल ठिपका असलेला मोठा पोपट, दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि दंडाची रक्कम वाढली. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘आम्ही पिल्लापासून वाढवला’ हा बचाव होत नाही, कारण ते पिल्लू कुणीतरी झाडाच्या ढोलीतून काढून आणलेलं असतं. तारांकित कासव घरात ठेवण्याचा गुन्हा तर याहून गंभीर आहे.

घरात असा पोपट असेल, तर तो गच्चीवरून उडवून देऊ नका. पिंजऱ्यात वाढलेल्याला दूर उडता येत नाही, दाणा शोधता येत नाही, आणि दिवस मावळायच्या आत तो मांजराच्या किंवा कावळ्यांच्या तावडीत सापडतो. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. पक्ष्यांची हौसच असेल तर परदेशी बजरी किंवा कॉकटील पाळायला मनाई नाही. मकाव, आफ्रिकन ग्रे असे पक्षी पाळायचे असतील तर २०२४ च्या नियमांप्रमाणे ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर नोंदणी करावी लागते. पक्षी कुठलाही असो, नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर ठेवला तर चरबी वाढते आणि अ जीवनसत्त्व कमी पडतं. गाजर, पालक, कोथिंबीर रोज थोडी द्या.

खापराच्या गोल भांड्यात किंवा काचेच्या बाऊलमध्ये ठेवायचं ‘लकी’ लाल कानाचं कासव अमेरिकेतून आलेलं आहे. ते पावणेदोन इंचांचं राहत नाही, ताटाएवढं होतं आणि वीस-तीस वर्षं जगतं. कंटाळा आला म्हणून ते हतनूर धरणाच्या बॅकवॉटरमध्ये सोडलं, तर तापी-पूर्णेतल्या मूळच्या कासवांची जागा आणि खाणं ते बळकावतं. त्याला हात लावला की साबणानं हात धुवा, त्याच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात.

घरच्या जेवणाबद्दल थोडक्यात. उरलेलं भरीत कुत्र्याला घालू नका. वांग्याची अडचण नाही, त्यातला लसूण आणि कांद्याची पात त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडते. द्राक्षं, मनुका आणि चॉकलेटही टाळा. केळ्याचा तुकडा चालतो. मांजराला ताप आला म्हणून पॅरासिटामॉल देऊ नका. त्याच्या यकृताला ते पचवता येत नाही आणि एका गोळीनंही जीव जातो. गोचीड मारायला कपाशीवरचं फवारणीचं औषध अंगाला लावू नका, कुत्रं ते चाटतं.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढं जातो, तेव्हा कुत्र्याचे केस साफ भादरले की त्याला गार वाटतं असं मानतात. जर्मन शेफर्ड, पॉमेरेनियन यांची दुहेरी लव उन्हापासून कातडी वाचवते. ती विंचरून मोकळी करा, तासू नका. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकून अंग थंड करतं. म्हणून पत्र्याच्या शेडमध्ये साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पाणी असूनही उष्माघात होतो. तो झालाच तर बर्फ नको. साधं पाणी अंगावर ओता, पंख्याखाली ठेवा आणि दवाखान्यात न्या.

शेवटची गोष्ट आपल्या मुक्ताईनगर तालुक्याची. वढोद्याच्या जंगलात वाघ आहेत, आणि जंगलालगतच्या शेतात राखणीची कुत्रीही आहेत. २०१८ मध्ये गुजरातच्या गीर जंगलात वीसहून अधिक सिंह दगावले, आणि त्यांच्यात डिस्टेंपरचा विषाणू सापडला. हा मुळात कुत्र्यांचा आजार आहे. ‘गावठी कुत्र्याला लस कशाला’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. पिल्लू दीड-दोन महिन्यांचं झालं की डिस्टेंपर-पार्व्होची लस, तीन महिन्यांचं झालं की रेबीजची, आणि पुढं दरवर्षी डॉक्टर सांगतील त्या तारखेला. शेतावरच्या कुत्र्याचं लसीचं कार्ड आज काढून बघा. तारीख उलटली असेल, किंवा कार्डच नसेल, तर याच आठवड्यात त्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या.