नळ एक, कार्यालये अनेक : वस्तीच्या पाण्याचा प्रश्न मांडायचा कुठे?

वस्तीत पाणी आले नाही की आपण ग्रामपंचायतीवर मोर्चा नेतो. ग्रामपंचायत जिल्हा परिषदेकडे बोट दाखवते आणि मोर्चा तिथेच विरतो.

अहिल्यानगरचेच बघा. मुळा धरणाचे पाणी शहरालाही लागते आणि शेतीलाही. धरण जलसंपदा विभागाचे, शहरातला नळ महापालिकेचा, भिंगार छावणीचा कारभार छावणी मंडळाचा, गावातला ग्रामपंचायतीचा.

या संस्थांचा मेळ घालण्यासाठी संविधानाने जिल्हा नियोजन समिती दिली आहे. ७४व्या घटनादुरुस्तीने आलेल्या कलम २४३ झेडडीनुसार पाणीवाटपासह गाव आणि शहराच्या सामाईक प्रश्नांचा विचार करून तिने जिल्ह्याचा आराखडा करायचा असतो. तिचे किमान चार-पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नागरी संस्थांच्या निवडून आलेल्या सदस्यांमधून येतात. पालकमंत्री अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य सचिव.

आपल्यासाठी महत्त्वाचे म्हणजे अनुसूचित जाती उपयोजनेचा जिल्ह्याचा निधीही याच समितीपुढे येतो. गावातील बौद्ध वस्तीची कामे जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडून होतात, शहरातली नागरी दलित वस्ती सुधार योजनेतून. शहराच्या हद्दीवरची वस्ती मात्र दोन्हीकडून सुटू शकते.

म्हणून ग्रामसभेत ठराव घ्या, त्याची प्रत समाजकल्याण विभागाला देऊन पोच घ्या. समितीचे इतिवृत्त माहिती अधिकारात मागा.

चवदार तळे खुले करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता. पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांसोबत माणसे चालत गेली तेव्हा. ठरावाचा पाठपुरावा आपल्यालाच करावा लागतो.

जय भीम!