हुलगा, बाजरी आणि हिरडा : नगरच्या ताटातलं आरोग्य

नगर जिल्ह्याचं नाव 2024 पासून अहिल्यानगर झालं. पावसाची दोन टोकं मात्र जुनीच आहेत. अकोले तालुक्यात घाटघरला तो काही हजार मिलिमीटर कोसळतो, तर पाथर्डी-कर्जतकडे पाचशे-सहाशेवर वर्ष काढावं लागतं. इथलं खाण्यापिण्याचं शहाणपण या दोन टोकांवर घडलं आहे. त्यामुळे पाकीटबंद चूर्णांच्या आधी ते शेतात आणि चुलीवर शोधायला हवं, असं मला ठामपणे वाटतं.

कोरडवाहू पट्ट्याचं अन्न बाजरी. तिच्यात लोह भरपूर असतं, पण ते अंगी लागायला सोबत लागते. पानात लिंबाची फोड, कोथिंबीर, कच्चा कांदा असला की लोह शोषायला मदत होते. जेवण उरकताच चहा घेतला की तेच अडतं. दाण्यात तेल असल्याने बाजरीचं पीठ लवकर खवट होतं, म्हणून जुन्या बायका थोडं थोडंच दळायच्या. महिनाभराचं पीठ आणून ठेवायचं आणि भाकरी कडू लागते म्हणून बाजरीला नावं ठेवायची, हे बरोबर नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या साथीने इक्रिसॅट या संशोधन संस्थेने जास्त लोहाचा ‘धनशक्ती’ वाण आणला, 2012 साली. त्याचं पीक घेणाऱ्याला भाव मिळाला, तरच त्याचा उपयोग.

माझ्या लेखी या पट्ट्याचा खरा मानकरी हुलगा. हलक्या रानात, जेमतेम ओलीवर येतो आणि वीस-बावीस टक्के प्रथिनं देतो. त्याच्या पिठात लसूण, जिरं, ओवा, तिखट घालून घट्ट मळायचं, वळकट्या करून कडी वळायची आणि उकळत्या रश्श्यात सोडायची. थंडीत हे गरम शेंगोळे खाल्ले की अंगात ऊब येते. लसूण-ओवा इथे चवीसाठी आहेत तसेच कडधान्याचा वातूळपणा कमी व्हावा म्हणूनही. जवसातही करण्याची पद्धत महत्त्वाची. अख्खा दाणा बराचसा न पचताच जातो. भाजून कुटलेल्या चटणीतून त्याचं चांगलं तेल शरीराला मिळतं.

मग हे ताटातून गेलं कसं? प्रवरानगरला 1950 च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला, मागोमाग इतर कारखाने आले. उसाने घरात पैसा आणला, मुलं शिकली. ते नाकारता येणार नाही. पण पाटपाण्याखालच्या रानातून हुलगा, मटकी, कारळे मागे सरले आणि वाण्याकडची साखर-मैदा पुढे आली.

अकोल्याच्या डोंगरात मात्र जुनं बरंच टिकून आहे. पावसाळ्यात कुर्डू, भारंगी, चाईचा मोहोर चुलीवर येतो. रानातलं अळू घशाला खाजतं, म्हणून त्यात चिंच पडते. कडूकंद कापून, उकडून, पाणी बदलत ठेवल्याशिवाय खात नाहीत. काय खायचं, याच्याइतकंच ते कसं निववायचं, हे माहीत असावं लागतं. नुसता फोटो बघून रानभाजी तोडणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

याच डोंगरातला बाळहिरडा आदिवासी कुटुंबं वेचतात, वाळवतात आणि विकतात. पोट साफ राहण्यासाठी घरोघरी तो असतो, पण गरोदर बाईला देत नाहीत. नगर शहरात गंगाधरशास्त्री गुणे यांच्या नावाचं आयुर्वेद महाविद्यालय 1917 पासून आहे. अशा वनस्पतींचा अभ्यास तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालतो. तरीही मेथी-कारल्याच्या भरवशावर मधुमेहाची गोळी बंद करणाऱ्यांची मला काळजी वाटते. मेथी रोज खावी, गोळी डॉक्टरांना विचारूनच कमी करावी.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचं काम या सगळ्याच्या मुळाशी, बियाण्यापाशी जातं. त्यांना 2020 चा पद्मश्री जाहीर झाला. शाळेची पायरी न चढलेल्या राहीबाईंनी वाल, भात, नागली, भाजीपाला यांचे गावठी वाण जपले. ‘बायफ’ या संस्थेच्या मदतीने त्यांची बियाणं बँक उभी राहिली. तिथून बी नेणाऱ्या शेतकऱ्याने पीक आल्यावर दुप्पट परत करायचं असतं. त्यातून पुढच्या हंगामात दुसऱ्या घराला वाटप होतं.