रंगात हात घातल्याशिवाय वारसा कसा राखणार?

राहनाळच्या गोदामांत माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या आमच्या बांधवांची मुले आता कॉलेजात जातात. त्यांतल्या एकाचा चित्रकलेचा हात चांगला आहे. मागे तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "वकीलसाहेब, जुनी चित्रे वाचवायचे शिक्षण असते का?"

असते. दिल्लीत १९८९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय संग्रहालय संस्थेने ते पदव्युत्तर पातळीवर सुरू केले. पण आमचे म्हणणे असे की, हे शिक्षण पदवीपासूनच मिळाले पाहिजे, आणि त्यात रसायनशास्त्राइतकेच रंगशाळेतले प्रत्यक्ष काम असले पाहिजे.

अजिंठ्याचेच पाहा. तिथली चित्रे मातीच्या गिलाव्यावर, चुन्याचा पातळ थर देऊन, कोरड्या भिंतीवर काढलेली. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांना घेऊन त्यांच्या नकला करीत होते. हात कसलेले होते, शंकाच नाही. पण चित्र स्पष्ट दिसावे म्हणून मूळ भिंतीवरच व्हार्निश फासले गेले! पुढे १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटलेला गिलावा धरून ठेवला हे खरे, पण लावलेली लाख कालांतराने पिवळी पडली. तथागतांच्या चरित्रावर असा थरावर थर चढला. हे सारे जाणत्या माणसांच्या हातून झाले.

म्हणून विद्यार्थ्याने आधी स्वतः माती, भुसा, चुना कालवून फळी तयार करावी. गेरू, काव, काजळी वाटून तिच्यावर रंगवावे. मग तीच फळी खराब करून दुरुस्त करावी. गेलेला भाग बारीक रेघांनी भरावा, म्हणजे लांबून चित्र सलग दिसेल आणि जवळून नवे कुठले ते ओळखू येईल. चुका स्वतःच्या फळीवर होऊ द्या, लेणीत नकोत. सर्वांत अवघड धडा म्हणजे हात कुठे आखडायचा हा. तो पुस्तकातून येत नाही. आमच्या ओळखीच्या एका विहारात दर बुद्धपौर्णिमेला मूर्तीला सोनेरी ऑइलपेंट देतात. श्रद्धा खरी, पण डोळ्यांची कोरीव रेघ बुजून गेली.

हाताचे काम हलके आणि पोथीचे काम थोर, ही वर्णव्यवस्थेची शिकवण आहे. गिलावा किती ओला हवा हे गवंड्याच्या मुलाला घरातच कळते. त्याला या विद्येत मागे का ठेवायचे? रंग, रसायने, ब्रश यांचा खर्च रोजंदारीवर भागत नाही. तो संस्थेने उचलावा. संविधानाच्या कलम ४९ ने राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे रक्षण ही राज्याची जबाबदारी ठरवली आहे. ते रक्षण करणारे हात घडवणे त्या जबाबदारीतच येते, असे आम्ही मानतो.

आमच्या भिवंडी तालुक्यातच लोनाडला बौद्ध लेणे आहे, भिंतीवर मोठा शिल्पपट आहे. त्या मुलाला आम्ही सांगितले, "रविवारी वही-पेन्सिल घेऊन जा. हात लावू नकोस, नुसते काढ. कुठे तडा आहे, कुठे ओल आहे, तेही काढ." वही निम्मी भरली आहे. प्रवेशाच्या अर्जाचे आम्ही पाहतो आहोत.